मोती तलाव : लढाईचं नाव आणि गावाचा इतिहास

मी म्हैसूरहून बोलतो आहे. निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालो. म्हैसूरला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते : राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन बाग आणि वेळ उरलाच तर श्रीरंगपट्टण. मराठी पाहुणा आला की मी त्याला एक प्रश्न विचारतो, 'मोती तलाव ठाऊक आहे का?' माधवराव पेशव्यांवर ज्यांनी चार पुस्तकं वाचली आहेत, ते लगेच म्हणतात, 'हो, त्रिंबकरावमामा पेठ्यांनी हैदरअलीला जिथे धूळ चारली ती जागा.' मग मी विचारतो, 'ती जागा आहे कुठे?' इथे बहुतेक जण गप्प होतात.

ती जागा म्हैसूरपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. श्रीरंगपट्टण ओलांडायचं, पांडवपुऱ्याला जायचं आणि तिथून मेलुकोटेच्या दिशेने थोडं पुढे जायचं. मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपुरा तालुक्यातलं हे लहानसं खेडं. ऊस, भात, नारळ, दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला बांध आणि बांधामागे निळं स्वच्छ पाणी. गावाचं नाव केरे तोण्णूर. कन्नडमध्ये केरे म्हणजे तलाव. गावात कुणाला 'मोती तलाव कुठे?' असं विचारलंत, तर म्हातारी माणसं पाण्याकडे बोट दाखवतील. पण 'मोती तलावची लढाई' म्हटलंत, तर त्यांना काही बोध होईलच असं नाही. आपल्याकडे लढाई ठाऊक आहे पण गाव ठाऊक नाही, आणि गावाला गाव ठाऊक आहे पण आपली लढाई नाही. आज मला या दोघांची गाठ घालून द्यायची आहे. त्यात काही गोष्टी आपल्याला आवडणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात गावापासून करू, कारण लढाई गावाच्या आयुष्यात फार उशिरा आली.

तोण्णूरचं जुनं नाव तोंडनूर. यादवपूर असंही एक नाव. होयसळ राजांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, हे मोठं ठिकाण होतं. रामानुजाचार्य चोळांच्या मुलखातून इकडे आले आणि इथे राहिले. होयसळ राजा बिट्टिदेव त्यांचा शिष्य झाला आणि विष्णुवर्धन नावाने प्रसिद्ध झाला, असं परंपरा सांगते. गावातलं नंबी नारायणाचं देऊळ होयसळ काळातलं आहे. त्याच्या समोर वेणुगोपाळाचं देऊळ आहे आणि टेकडीवर योगनरसिंहाचं. बेलूर-हळेबीडसारखं नाजूक कोरीवकाम इथे शोधू नका. इथे जाड दगडी खांब, मोकळे मंडप आणि शांतता आहे. तलावही रामानुजांनीच बांधवून घेतला, असं परंपरा सांगते.

गावाला आणखी एक जुनी खूण आहे. इथे सालार मसूद या नावाने ओळखली जाणारी एका मुसलमान योद्ध्याची कबर आहे आणि तिच्यावरचं साल इसवी सनाच्या हिशेबाने १३५८ येतं. दिल्लीच्या फौजांनी होयसळांची राजधानी उद्ध्वस्त केली, तेव्हा राजा काही काळ तोंडनूरला येऊन राहिला, अशी नोंद म्हैसूरच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. म्हणजे हरलेल्या राजाचा आसरा आणि परक्या मुलखातल्या शिपायाची कबर, दोन्ही या एकाच खेड्यात.

आता 'मोती तलाव' हे नाव. ते ना कन्नडिगांनी दिलं, ना मराठ्यांनी. १७४६ मध्ये हैदराबादच्या निजामाचा मुलगा नासिरजंग फौज घेऊन इकडे आला आणि या तलावाकाठी त्याचा मुक्काम पडला. पाण्याचा नितळपणा पाहून त्याने या तलावाला मोती तलाव म्हटलं. पुढे पंचवीस वर्षांनी आपल्या लढाईला ते नाव चिकटलं. छावणीसाठी जागा निवडताना सेनापती आधी पाणी बघतो, हे सैन्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पन्नास हजार माणसं आणि तितकीच जनावरं यांना रोज पाणी लागतं. म्हणून या प्रांतात जो जो आला, तो या तलावाकडे आला. गावाचं भाग्य आणि दुर्भाग्य एकाच पाण्यात होतं.

शेजारचं पांडवपूरही याच कारणाने नावं बदलत गेलं. ते मूळचं हिरोडे. हैदर आणि टिपूच्या चाकरीतले फ्रेंच शिपाई तिथल्या खडकांपाशी छावणी करून राहत, म्हणून इंग्रजांनी त्याला 'फ्रेंच रॉक्स' म्हणायला सुरुवात केली. पुढे इंग्रजांनीही तिथे मद्रासी पलटण ठेवली. आणि जवळच्या कुंतीबेट्टावर पांडव आणि कुंतीमाता येऊन राहिले होते या कथेवरून ते आता पांडवपूर.

आता लढाईकडे येतो.

पानिपतानंतर दहा वर्षांत माधवराव पेशव्यांनी मराठी राज्याची घडी पुन्हा बसवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. हैदरअलीवर त्यांनी एकामागून एक मोहिमा काढल्या. शेवटच्या मोहिमेत प्रकृती ढासळली आणि १७७० मध्ये पेशवे मागे फिरले. फौजेची सूत्रं त्रिंबकराव पेठ्यांकडे आली. १७७१ च्या आरंभी हैदर मेलुकोटेच्या डोंगराचा आसरा धरून बसला होता आणि मराठ्यांनी त्याला घेरलं होतं. रसद तुटत चालली. तेव्हा हैदरने ठरवलं की रात्रीच्या अंधारात निसटायचं आणि श्रीरंगपट्टणचा किल्ला गाठायचा. अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर.

शत्रू समोर असताना रात्री माघार घेणं हे युद्धकलेतलं सगळ्यात अवघड काम. त्यासाठी शांतता लागते, रांग तुटू न देण्याची शिस्त लागते आणि पिछाडी सांभाळणारी खंबीर तुकडी लागते. हैदरने सामानसुमान मध्ये आणि चहूबाजूंनी पायदळ अशी रचना केली होती. योजना चांगली होती. पण वाटेत अंधारात त्याच्याच बाजूची एक तोफ उडाली. मराठी छावणी जागी झाली आणि घोडदळ पाठीवर आलं. उजाडलं तेव्हा हैदरची फौज चिनकुरळीच्या टेकड्यांपाशी पोहोचली होती. तोण्णूरच्या तलावापासून हे गाव जवळच आहे. म्हणून कन्नड आणि इंग्रजी इतिहासात ही चिनकुरळीची लढाई, आणि मराठीत मोती तलावची. तारीख ५ मार्च १७७१.

मग बाण लादलेल्या उंटांमध्ये आग शिरली. त्या काळात बाण म्हणजे दारूचे अग्निबाण, आजच्या भाषेत रॉकेट. ते स्वतःच्याच फौजेत उडू लागले. दारूगोळ्याचा स्फोट झाला, रांगा फुटल्या आणि त्या फटीतून मराठी घोडदळ आत घुसलं. पुढे जे झालं ती लढाई नव्हती, नुसती कत्तल होती. तोफा, हत्ती, घोडे, सगळं मराठ्यांच्या हाती पडलं. हैदर घोडा फेकत जवळजवळ एकटाच श्रीरंगपट्टणला पोहोचला. वीस वर्षांचा टिपू फकिराच्या वेशात मागाहून आला. हैदरच्या साऱ्या कारकिर्दीत एवढा मोठा पराभव दुसरा झाला नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. एक हलणारी फौज रात्रभर पाठलाग करून, नेमक्या क्षणी तिच्यात घुसून मोडणं हे घोडदळाचं उत्तम काम आहे. पण मराठी पुस्तकांत पुढचं वाक्य बहुधा असं असतं : 'त्यानंतर श्रीरंगपट्टणला वेढा घातला, पण किल्ला हाती आला नाही.' असं का झालं, हे त्या वाक्यात नसतं. ते समजायला त्या खेड्यातून मेलुकोटेच्या डोंगरावर जावं लागतं.

विजयाच्या दिवशी परिस्थिती काय होती बघा. हैदरची फौज उधळलेली, तोफखाना गेलेला, राजधानीत घबराट. श्रीरंगपट्टण तिथून घोड्याच्या अर्ध्या दिवसाच्या रपेटीवर. सेनापतीने अशा वेळी एकच करायचं असतं : श्वास न घेता पुढे जायचं. पण आपली फौज लूट गोळा करण्यात गुंतली. सुमारे दहा दिवस असे गेले. तेवढ्यात हैदरने विखुरलेली माणसं गोळा केली, खजिना उघडला, नवी भरती केली आणि किल्ल्याच्या तटावर तोफा चढवल्या. मग महिनाभर वेढा पडला आणि उठला. हातातोंडाशी आलेला घास गेला. १७७२ मध्ये तह झाला, त्यात पैसा आणि मुलूख मिळाला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊरला माधवराव गेले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हैदरने गेलेला बहुतेक मुलूख परत घेतला.

त्या लुटीत मेलुकोटे होतं. मेलुकोटे म्हणजे रामानुजांनी पुन्हा उभं केलेलं चेलुवनारायणाचं क्षेत्र. ज्यांना इतरत्र देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांना रामानुजांनी 'तिरुक्कुलत्तार' असं मानाचं नाव देऊन वर्षातले काही दिवस इथे प्रवेश दिला, असं परंपरा सांगते. दिल्लीच्या सुलतानाची मुलगी देवाच्या मूर्तीमागे इथवर आली अशी कथा आहे आणि बीबी नाच्चियार म्हणून ती इथे पुजली जाते. अशा क्षेत्रात, लढाईनंतर, आपले लोक शिरले आणि त्यांनी गाव लुटलं. देवाचे प्रचंड लाकडी रथ होते. त्यांतलं लोखंड काढून घेण्यासाठी रथांना आग लावली. आग पसरली आणि काही देवस्थानं जळून खाक झाली. हे म्हैसूरचा रेसिडेंट राहिलेल्या कर्नल मार्क विल्क्सने लिहिलं आहे आणि पुढे गॅझेटिअरकार बी. एल. राईसनेही नोंदवलं आहे.

कुणी म्हणेल, विल्क्स इंग्रज, तो मराठ्यांबद्दल चांगलं कशाला लिहील? शंका रास्त आहे. मीही त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानत नाही. पण वीस वर्षांनी, १७९१ मध्ये, शृंगेरीच्या शंकराचार्यांचा मठ मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी लुटला, हे इंग्रजांच्या सांगण्यावर अवलंबून नाही. त्यानंतर टिपूने शंकराचार्यांना लिहिलेली आणि मदत पाठवल्याची कन्नड पत्रं मठात जपलेली होती, ती १९१६ मध्ये उजेडात आली. तेव्हा मेलुकोटे हा अपवाद होता, असं म्हणून सुटका होत नाही.

हे का झालं? मराठी शिपाई जात्या दुष्ट होता म्हणून नाही. कारण पगाराच्या व्यवस्थेत होतं. पेशव्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर, फौजेचा पगार थकलेला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, तो मेला तर रोजगार बुडाला. आणि पेंढाऱ्यांना तर पगारच नव्हता. ते लूट करण्याच्या परवान्यासाठी उलट सरकारलाच 'पालपट्टी' नावाचा कर देत. ज्या फौजेचा एक भाग लुटीवरच पोसायचा असं सरकारच ठरवतं, त्या फौजेला विजयाच्या दिवशी 'थांबू नका, पुढे चला' असा हुकूम देऊन उपयोग काय? हुकूम देणाऱ्याच्या हातात त्यांची भाकरी नसते.

याच्या शंभर वर्षं आधी शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना पत्र पाठवलं होतं. रयतेच्या घरातून फुकट काही आणू नका, दाणा-वैरण जपून वापरा म्हणजे पावसाळाभर पुरेल, जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल, इथवर बारकाईने महाराजांनी लिहिलं होतं. ते पत्र भावनेपोटी लिहिलेलं नव्हतं. रयत उठली तर फौज उपाशी मरते, हा त्यामागचा रोकडा लष्करी हिशेब होता. तो हिशेब मोती तलावला सुटला. म्हणून मी म्हणतो, मेलुकोटेची राख आणि श्रीरंगपट्टणचा फसलेला वेढा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या कारणाने देवाचे रथ जळले, त्याच कारणाने मोहीम हातची गेली.

गावकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. मराठे येणार म्हटलं की हैदर आपल्याच मुलखातली पिकं जाळायला आणि विहिरी नासवायला लावत असे, शत्रूला काही मिळू नये म्हणून. मग मराठे येत आणि उरलंसुरलं नेत. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणपुढे हात टेकलेला कॉर्नवॉलिस, जड तोफा स्वतःच नष्ट करून, उपाशी आणि आजारी फौज घेऊन याच बाजूला मागे फिरत होता. तेव्हा मेलुकोटेच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले. मराठी छावणीच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सगळं होतं आणि ते इंग्रजांना चढ्या भावाने विकलं गेलं. इंग्रज लेखक त्या बाजाराचं भारावून वर्णन करतात. त्या बाजारातलं धान्य वाटेतल्या कुणाकुणाच्या कणगीतलं होतं, ते कुठे लिहिलेलं नाही. टिपूच्याच काळात तोण्णूरच्या तलावाचा बांधही फोडला गेला. पुढे तो पुन्हा बांधला. तो आज शाबूत आहे आणि त्याच्या पाण्यावर आजही शेती होते.

आणि आठवणीचं म्हणाल, तर तीही सरळ नसते. मेलुकोटेच्या मंड्यम अय्यंगार घराण्यांत नरकचतुर्दशी साजरी करत नाहीत. टिपूच्या काळात त्या दिवशी आपले पूर्वज मारले गेले, अशी त्यांची परंपरा आहे. त्याच मेलुकोटेच्या देवळात टिपूने दिलेली भांडी आणि नगारा आहे. एकाच राजाचा जुलूम आणि एकाच राजाची देणगी, दोन्ही एका गावाने सांभाळून ठेवली आहे. आपल्याला मात्र इतिहासात एकच रंग हवा असतो.

मला कधी कधी विचारतात, 'साहेब, तुम्ही स्वतः सैन्यातले, मराठी माणूस, हे सगळं उगाळून काय मिळवता? दुसऱ्याच्या हातात कोलीत कशाला देता?' माझं उत्तर साधं आहे. लष्करात प्रत्येक मोहिमेनंतर आढावा घेतात. जिंकलेल्या मोहिमेचाही घेतात, किंबहुना जिंकलेल्या मोहिमेचा जास्त कसून घेतात, कारण हरलेला माणूस आपोआप शिकतो आणि जिंकलेला शिकायला तयार नसतो. मोती तलावच्या विजयाचा आढावा आपण अडीचशे वर्षांत नीट घेतला नाही. त्रिंबकमामांचा पराक्रम खरा, आणि मेलुकोटे जळलं हेही खरं. पहिलं सांगून दुसरं लपवलं, तर पहिल्यावरचाही विश्वास उडतो. निदान इथल्या माणसाचा तरी उडतो, आणि मी इथे राहतो.

एक शेवटचा मुद्दा. एवढ्या लहान गावाचा इतिहास कळतो तरी कसा? कुणीतरी तिथे पायी जाऊन लिहून ठेवतं म्हणून. इंग्लंडमध्ये १८९९ पासून 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी' नावाचं काम चालू आहे, त्यात खेड्याखेड्याचा इतिहास लिहिला जातो : जमीन कुणाची होती, गिरणी कुठे होती, चर्च कधी बांधलं. ते काम अजून संपलेलं नाही. जुन्या रणभूमींची सरकारी यादीही तिथे १९९५ पासून आहे. आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. राईसने म्हैसूर संस्थानात गावोगावचे शिलालेख उतरवून घेतले आणि १८८६ पासून 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे खंड निघाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनांची दप्तरं चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला, आणि कर्नाटकातल्या मोहिमांची कितीतरी पत्रं आपल्याला मिळाली. पण राईसचे खंड कन्नड अभ्यासक वाचतात आणि खऱ्यांचे मराठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारे फार थोडे. तुमच्यात कुणी तरुण असेल, बेळगाव, सोलापूर, कोल्हापूरकडचा, दोन्ही भाषा येणारा, तर हे काम त्याची वाट बघतंय.

इकडे आलात तर एक दिवस राखून ठेवा. सकाळी तोण्णूरचा तलाव आणि नंबी नारायणाचं देऊळ बघा. बांधावर उभे राहा, म्हणजे फौजा इथेच का थांबत ते नकाशाशिवाय कळेल. पाण्यात उतरताना मात्र जपून, तलाव खोल आहे. मग चिनकुरळीवरून जा. तिथे लढाईची मोठी खूण शोधू नका, जमिनीचा उतार आणि टेकड्या बघा. दुपारनंतर मेलुकोटे चढा. चेलुवनारायणाचं दर्शन घ्या, डोंगरावरच्या नरसिंहाच्या पायऱ्या चढा. वरून सगळा मुलूख दिसतो आणि हैदरने ही जागा का निवडली ते लक्षात येतं. बरोबर मुलं असतील, तर त्यांना मराठ्यांनी इथे मोठी लढाई जिंकली हे जरूर सांगा. आणि खाली गावात काय झालं, तेही त्याच दमात सांगा.